भूगोलाची उत्तरं : लेक सांगेल, आई ऐकेल

 

आजच्या बोलण्यात हप्ता नाही, व्याज नाही, बँकेची चक्कर नाही. आज दहावीच्या भूगोलाबद्दल बोलायचं आहे. विषय शाळेचा असला तरी तो आपल्या बैठकीतूनच आला आहे. दिवाळी झाली, कापूस वेचणीचा जोर सुरू झाला, की ज्यांच्या घरी दहावीची मुलगी आहे त्या बायांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, “पोरगी रात्री उशिरापर्यंत भूगोल पाठ करते, पण सकाळी विचारलं तर अर्ध्यावर अडकते.” दुसरं, “आम्ही काही शिकलो नाही, आम्ही तिला काय मदत करणार?”

यातलं दुसरं वाक्य खरं नाही, आणि ते खरं नाही हे कळलं की पहिल्याचा उपाय सापडतो, एवढंच आज सांगायचं आहे. भूगोलाचं मोठं उत्तर पक्कं व्हायला समोर ऐकणारं माणूस लागतं. ते माणूस शिकलेलंच असलं पाहिजे असं नाही.

आधी पेपर समजून घेऊ

आपल्या यवतमाळ जिल्ह्याची दहावीची परीक्षा राज्य मंडळाच्या अमरावती विभागाकडून होते. सामाजिक शास्त्रे हा विषय १०० गुणांचा. त्यात इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४०, भूगोलाचा पेपर ४० आणि शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे २०. सगळे मिळून ३५ झाले की विषयात पास.

भूगोलाच्या पेपराला वेळ दोन तास. ४० गुणांची वाटणी अशी : योग्य पर्याय, जोड्या आणि एका वाक्यात उत्तरं यांचे मिळून १२. नकाशा भरण्याचे ४ आणि नकाशा वाचून उत्तरं देण्याचे ४. ‘भौगोलिक कारणे लिहा’ याचे ६. आलेखाचे ६. आणि सविस्तर उत्तरं, म्हणजे ज्याला आपण निबंधासारखी मोठी उत्तरं म्हणतो, ती दोन, प्रत्येकी ४ गुणांची, म्हणजे ८. पुस्तक किंवा पेपराचा आराखडा कधी बदललाच, तर शाळेतल्या सरांना-मॅडमला विचारून घ्यावं.

आता हिशेब तर आपल्याला येतोच. मोठी उत्तरं ८ गुणांची. कारणं धरली तर १४. नकाशा आणि आलेखाचे गुणसुद्धा बरोबर १४. हे १४ गुण पाठ करून मिळत नाहीत, हाताला सवय लागली की मिळतात. तरी बहुतेक घरी मुलीचा सगळा वेळ जातो मोठी उत्तरं घोकण्यात, आणि नकाशाची वही कोरी राहते. तेव्हा पहिली गोष्ट ही, की अभ्यासाचा अर्धा वेळ नकाशा-आलेखाला द्यायला सांगा.

आणखी एक. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. स्थान, डोंगर-नद्या, हवामान, जंगल, लोकसंख्या, वस्ती, शेती-उद्योग, पर्यटन-वाहतूक, सगळं दोन्ही देशांचं शेजारी शेजारी. मुलींना ब्राझील फार लांबचा वाटतो, म्हणून त्या तो भाग शब्दन् शब्द पाठ करतात. तिथंच घोटाळा होतो. प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं पहिलं वाक्य सापडत नाही, आणि पहिलं वाक्य गेलं की पुढचं सगळं जातं.

वाचून वाचून का राहत नाही?

२००६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून, जेवढं आठवतं तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पुन्हा पुन्हा वाचलं की त्या रात्री सगळं येतंय असं वाटतं. मुलीलाही वाटतं, आपल्यालाही वाटतं. पण परीक्षा त्या रात्री नसते, ती महिन्या-दोन महिन्यांनी असते. तिथं उपयोगी पडतं ते पुस्तक मिटून आठवण्याची सवय.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी किती पाठ होती! त्यांच्यापुढे पुस्तक नव्हतं. एक म्हणायची, दुसरी ऐकायची, अडलं तिथं तिसरी आठवण करून द्यायची. दर वेळी आठवून म्हणायचं, कोणाला तरी ऐकवायचं, म्हणून ते जन्मभर राहिलं. भूगोलाचं उत्तर पक्कं करायची रीत हीच आहे.

तुरीच्या दाण्यांची रीत

आमच्या गटांमध्ये आम्ही ही रीत सांगतो. मुलीनं एक प्रश्न वाचावा, उत्तर पुस्तकातून समजून घ्यावं आणि पुस्तक मिटून आईसमोर बसावं. आईनं भाकरी थापता थापता किंवा शेंगा फोडता फोडता ऐकावं. बाजूला तुरीचे दाणे ठेवावेत. मुलीनं एक मुद्दा सांगितला की एक दाणा बाजूला. तीन गुणांच्या कारणाला तीन दाणे, चार गुणांच्या उत्तराला चार. दाणे पुरे झाले नाहीत तर उत्तर अपुरं, मग पुस्तक उघडायचं.

आईनं फक्त तीन प्रश्न विचारायचे : “असं का?”, “मग काय होतं?” आणि “आपल्याकडे कसं आहे?” या तीन प्रश्नांना अक्षर ओळख लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुस्तकात प्रश्न आहे, ब्राझीलमधल्या मॅनॉस शहराच्या तापमान कक्षेत वर्षभर फारसा फरक का पडत नाही? तापमान कक्षा म्हणजे सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी तापमान यांतला फरक. मुलगी सांगेल, मॅनॉस विषुववृत्ताजवळ आहे. एक दाणा. “मग काय होतं?” तिथं सूर्याची किरणं वर्षभर जवळजवळ सरळ डोक्यावर पडतात. दुसरा दाणा. “मग?” म्हणून उन्हाळा आणि हिवाळा असा मोठा फरक तिथं होत नाही, तापमान वर्षभर जवळजवळ सारखं राहतं. तिसरा दाणा. “आपल्याकडे कसं आहे?” आपण विषुववृत्तापासून दूर, उत्तरेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो आणि पौषात शेकोटी लागते. झालं उत्तर. शब्द पुस्तकातले नसले तरी चालतील, साखळी तुटता कामा नये.

आपल्या वावरातला भूगोल

आता ज्या बाया म्हणतात आम्हाला भूगोल येत नाही, त्यांच्यासाठी चार गोष्टी. या चारही दहावीच्या पुस्तकाशी जोडलेल्या आहेत.

पहिली, पाण्याची वाट. आपल्या तालुक्यात अरुणावतीचं धरण आहे. ही अरुणावती पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे दिग्रसचं पाणी पूर्वेच्या समुद्रात जातं. “असं का?” कारण दख्खनच्या पठाराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. आता गंमत बघा. शेजारच्या अमरावती-अकोल्याची पूर्णा नदी तापीला मिळते, आणि तापी पश्चिमेला, अरबी समुद्राला जाते, कारण तापी खचदरीतून वाहते. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, त्या हे पाणी दोन बाजूंना वाटतात. घराचं आढं जसं पावसाचं पाणी दोन अंगणांत टाकतं, तसं. या आढ्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. हे समजलं की भारताची जलप्रणाली पाठ करावी लागत नाही.

दुसरी, पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, म्हणून कोकणात धो धो पाऊस. डोंगर ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत त्यांतलं बाष्प कमी झालेलं असतं, म्हणून अहिल्यानगर, सोलापूर, बीड कोरडे. याला पर्जन्यछाया म्हणतात. तिथून आणखी पूर्वेला विदर्भाकडे आलं की पाऊस पुन्हा वाढतो, कारण बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यांचा पाऊस इकडे मिळतो. आता ब्राझीलकडे वळा. तिथं अटलांटिक महासागरावरून वारे येतात, किनाऱ्याजवळच्या उंच भागाला अडतात आणि मागचा, उच्चभूमीचा ईशान्य भाग कोरडा राहतो. सह्याद्रीची गोष्टच ती, नावं बदलली एवढंच. एक कारण नीट समजलं की दोन देशांची दोन उत्तरं तयार झाली.

तिसरी, माती आणि झाडं. आपली काळी माती ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पावसाची उघडीप पडली तरी पराटी तग धरते. आणि आपल्या जंगलातला साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो. “का?” कारण पानांतून पाणी उडून जातं, पाणी कमी असताना झाड ते वाचवतं. ही झाली पानझडी वनं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस, म्हणून तिथली वनं सदाहरित. तुलना करा या प्रश्नाचे दोन दाणे इथंच मिळाले.

चौथी, ब्राझीलशी आपलं नातं. जगात सगळ्यांत जास्त कॉफी ब्राझीलमध्ये होते हे मुलीला पाठ असतं. पण जगात सगळ्यांत जास्त सोयाबीनही तिथंच होतं. आपण सोयाबीन सोंगून बाजार समितीत नेतो तेव्हा जो भाव निघतो, त्यावर तिकडच्या पिकाचाही परिणाम असतो. ब्राझीलचा बराचसा भाग दक्षिण गोलार्धात, म्हणून ऋतू उलटे. आपल्याकडे तूर सोंगायची थंडी असते तेव्हा तिकडच्या दक्षिण भागात उन्हाळा चालू असतो. हे आईनं मुलीला एकदा विचारून घ्यावं. मग ब्राझील लांबचा राहत नाही.

लोकसंख्येचा पाठ जरूर ऐका

सगळे पाठ ऐकायला वेळ नसला तरी लोकसंख्येचा पाठ प्रत्येक आईनं ऐकावा. त्यात घनता येते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात एका चौरस किलोमीटरमध्ये ३८२ माणसं, ब्राझीलमध्ये साधारण २३. ब्राझीलमध्ये बहुतेक लोक पूर्वेच्या किनाऱ्याजवळ राहतात, कारण ॲमेझॉनच्या खोऱ्यात घनदाट जंगल, दमट हवा, रस्ते कमी. त्याच पाठात लिंग गुणोत्तर येतं. दर हजार पुरुषांमागे भारतात ९४३ बाया. ब्राझीलमध्ये बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. मुलीनं हे दोन आकडे सांगितले की “असं का?” हा प्रश्न आईनं विचारायचा आणि मग दोघींनी मिळून त्यावर बोलायचं. मुलाचा हट्ट, गर्भातच मुलीला नकार, मुलीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष, या गोष्टी पुस्तकातल्या आकड्यामागे आहेत आणि त्या आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. हा पाठ मुलगी विसरणार नाही.

तांड्यावरच्या मुलींसाठी

आपल्या तालुक्यात तांडे खूप. ज्या घरी गोरबोली बोलतात, तिथल्या मुलीला भूगोलाबरोबर पुस्तकी मराठीचंही ओझं असतं. ‘पर्जन्यछाया’, ‘विषुववृत्त’, ‘स्थलांतर’ हे शब्द तिला दोनदा शिकावे लागतात. अशा मुलीनं आधी आपल्या बोलीत याडीला उत्तर सांगावं. साखळी पक्की झाली की मग त्यात पुस्तकातले चार-पाच खास शब्द बसवावेत आणि मराठीत लिहून काढावं. शब्द आधी आणि अर्थ नंतर असं केलं की नुसती भीती वाढते. वस्तीच्या पाठात केंद्रित आणि विखुरलेली वस्ती असा फरक आहे. तो समजायला तिनं आपला तांडा आणि वावरातली एकेकटी घरं डोळ्यांपुढे आणावीत.

सांगून झालं की लिहायचं

तोंडी आलं म्हणजे काम झालं असं नाही, कारण पेपर हातानं लिहायचा असतो. चार दाण्यांचं उत्तर मुद्द्या-मुद्द्यानं, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर लिहायला सांगा. सगळं एका परिच्छेदात गुंडाळलं तर तपासणाऱ्याला मुद्दे शोधावे लागतात. तुलना विचारली तर मधे रेघ मारून दोन रकाने करावेत, एकात भारत, एकात ब्राझील. आलेखाला शीर्षक, प्रमाण आणि दोन्ही अक्षांवरची नावं हवीतच. नकाशात पेन्सिलीनं खुणा आणि बाजूला सूची. पेपरासोबत मिळालेला नकाशा उत्तरपत्रिकेला बांधायला विसरायचं नाही.

नकाशाचा सराव अंगणातही होतो. खडूनं भारताचा आकार काढा, कर्कवृत्त ओढा, नद्या दाखवा. धाकट्या मुलांना गावापासून सुरुवात करू द्या : दिग्रसच्या उत्तरेला दारव्हा, पूर्वेला आर्णी, नैऋत्येला पुसद, पश्चिमेकडे मानोरा. दिशा एकदा डोक्यात बसल्या की नकाशा घाबरवत नाही.

कधी ऐकायचं?

एक उत्तर एकाच रात्री दहा वेळा ऐकू नका. ज्या दिवशी शिकली त्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. मध्ये थोडं विसरू द्यायचं आणि पुन्हा आठवायला लावायचं, त्यानं गाठ घट्ट बसते. लक्षात ठेवायला सोपं म्हणून आम्ही गटाच्या बैठकीचा दिवस धरतो. आठवड्याची बचत जमा करायची त्या दिवशी आठवड्याची उत्तरंही जमा. दोन-तीन घरच्या मुली एकत्र बसल्या तर एकीनं सांगावं, दुसरीनं दाणे मोजावेत.

रोजचा एक तास मात्र मुलीला मिळाला पाहिजे. वेचणीच्या दिवसांत तिची शाळा बुडते, घरी आल्यावर पाणी आणि चूल तिच्याकडे, आणि त्याच घरातला भाऊ मोबाइल घेऊन बसलेला. हे आपण सगळ्या जाणतो. एक तास पाणी भरायचं काम भावानं केलं तर तो काही लहान होत नाही. भूगोलाचा पेपर बहुतेक वेळा अगदी शेवटी असतो, तोवर मुली थकलेल्या असतात. म्हणून तो विषय शेवटी ठेवून चालत नाही, दिवाळीपासूनच थोडा थोडा हवा.

एवढी खटपट कशासाठी?

कारण मुलगा नापास झाला तर पुन्हा बसतो, आणि मुलगी नापास झाली की घरी बसते. मग स्थळं बघणं सुरू होतं, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच. दहावीचं प्रमाणपत्र हातात असलं तर अकरावी आहे, आयटीआय आहे. टपाल खात्यातल्या ग्रामीण डाक सेवकाची भरती तर दहावीच्या गुणांवरच होते. तिथं भूगोलाचे चार गुणही मोलाचे. आणि एखादा विषय राहिलाच, तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. तो अर्ज भरणं हे पहिलं काम, स्थळ बघणं नाही.

आपल्या गटांतही नववीत-दहावीत शाळा सुटलेल्या कितीतरी बाया आहेत. त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी देता येते. लेकीची उत्तरं ऐकता ऐकता ज्यांना वाटेल की हे तर आपल्यालाही येतंय, त्यांनी जवळच्या हायस्कूलमध्ये चौकशी करावी.

तर येत्या बैठकीचं काम असं. ज्यांच्या घरी दहावीची मुलगी आहे त्यांनी तिच्याकडून एक उत्तर ऐकून यायचं आणि किती दाणे पडले ते गटात सांगायचं. ज्यांच्या घरी नाही त्यांनी शेजारच्या मुलीचं ऐकायचं. सुरुवातीला अरुणावतीचं पाणी समुद्रापर्यंत कसं जातं हेच विचारा. उत्तराला किती दाणे लागतात ते तुम्हीच मोजा.